पाडलेल्या स्लॅबचं काँक्रीट फोडून तीच खडी परत वापरायची का? (समुद्राजवळच्या बांधकामासाठी)

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठाला. मूळ घर चिऱ्याचं, कौलारू, ते अजून धडधाकट आहे पण त्याला मागच्या बाजूने ८७-८८ च्या सुमारास स्लॅबच्या दोन खोल्या आणि पुढे पोर्च काढला होता, त्यांची मात्र पार वाट लागलीय. बीमच्या खालचे पोपडे निघालेत, सळया उघड्या पडून फुगल्यात, मागच्या खोलीत आता कोणी झोपत नाही. हा सगळा स्लॅबचा भाग पाडायचं ठरलंय.

एक काँट्रॅक्टर म्हणतो मलबा मी डंपरने उचलून टाकून देतो, कुठे ते विचारू नका. दुसरा म्हणतो कशाला टाकता, ब्रेकरने फोडू, जॉ क्रशरमधून काढू आणि तीच खडी नवीन कामात वापरू, सहा-सात ब्रास तरी निघेल, खडीचे पैसे वाचतील. ऐकायला बरं वाटतं. पण ह्या रिसायकल्ड अ‍ॅग्रिगेटच्या काँक्रीटची ताकद नेमकी किती भरते? नवीन खोल्यांचा स्लॅब, फुटिंग, शिवाय अंगणाचा कोबा आणि कंपाउंड असं काम आहे. कुठे चालेल, कुठे नाही? जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा, घाई नाही, काम पावसाळ्यानंतर.

मालवणी_माणूस

वाचतंय. आमच्याकडे पण जुनी पाण्याची टाकी पाडूची आसा, तेचो मलबो तसोच पडान आसा.

जॉ_क्रशर

क्रशरवर काम केलंय म्हणून सांगतो, जुन्या काँक्रीटची खडी दिसायला मस्त निघते, कडा धारदार, दगड आपला काळाच. लोक बघून फसतात. हातात घेऊन बघा, हलकी लागते.

सिव्हिलवाला

वरच्यांनी हलकी लागते म्हटलंय तिथूनच सुरुवात करतो, कारण सगळी गोम त्यातच आहे.

जुनं काँक्रीट फोडलं की आतला दगड स्वच्छ सुटून येत नाही, आंब्याच्या बाठ्याला गर चिकटून राहावा तसा त्याला जुना सिमेंट-वाळूचा मॉर्टर चिकटलेला राहतो. मोठ्या खडीला कमी, बारीक खडीला जास्त, आणि पावडर तर जवळपास सगळी मॉर्टरचीच असते. आपला कोकणातला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, घट्ट असतो, विशिष्ट गुरुत्व २.८ च्या पुढे आणि पाणी शोषतो जेमतेम टक्काभर. ह्या फोडलेल्या खडीचं विशिष्ट गुरुत्व २.२ ते २.५ मध्ये येतं आणि पाणी ती ३ टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंत पिऊ शकते. जुना मॉर्टर सच्छिद्र, त्यात ब्रेकरच्या आणि क्रशरच्या मारामुळे त्याला बारीक चिरा गेलेल्या. पुढे ताकद, कडकपणा, आकसणं, पाणी झिरपणं ह्या सगळ्यात जो फरक पडतो तो ह्या एका गोष्टीमुळे.

आता ताकद. सगळी खडी बदलून शंभर टक्के रिसायकल्ड घातली आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर तेच ठेवलं तर कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ (दाब सोसायची ताकद) साधारण १० ते २५ टक्के उतरते. २०-३० टक्केच बदलली तर फरक इतका कमी पडतो की क्यूब टेस्टच्या (काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायची चाचणी) नेहमीच्या वरखाली मध्ये तो दिसतही नाही. ताणातली ताकद, म्हणजे स्प्लिट टेन्साइल आणि फ्लेक्सरल, तर त्याहून कमी बिघडते, कारण फोडलेल्या खडीचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि नवीन सिमेंट तिला चांगलं धरतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल मग काय, घाला स्लॅबमध्ये. नाही. स्लॅब, बीम, कॉलम, फुटिंग ह्यात घालू नका, तुमच्या जागेवर तर नकोच. आयएस ३८३ (खडी-वाळूचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीत रिसायकल्ड काँक्रीट अ‍ॅग्रिगेटला पहिल्यांदा रीतसर परवानगी मिळाली, तिच्यात मर्यादा अशी की साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीमध्ये (सळईच्या काँक्रीटमध्ये) २० टक्क्यांपर्यंत पण फक्त एम२५ ग्रेडपर्यंतच (म्हणजे २८ दिवसांना २५ न्यूटन प्रति चौ.मिमी ताकद), आणि एम१५ च्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये शंभर टक्के. आता दुसरं पुस्तक उघडा, आयएस ४५६:२०००, काँक्रीटच्या बांधकामाचा कोड. किनाऱ्याच्या हवेला उघडं असलेलं काँक्रीट त्यात 'सिव्हिअर' एक्स्पोजरमध्ये येतं आणि त्या एक्स्पोजरला आरसीसीसाठी किमान ग्रेड आहे एम३०, पाणी-सिमेंट जास्तीत जास्त ०.४५, सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ४५ मिमी. लाटांचे तुषार उडत असतील तर 'व्हेरी सिव्हिअर', मग एम३५.

दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतो एम२५ च्या वर ही खडी आरसीसीत नको, दुसरा म्हणतो समुद्रालगत आरसीसी एम३० च्या खाली नको. खाडीकाठच्या आरसीसीला ह्या दोघांच्या मध्ये जागाच उरत नाही. आतल्या भागात, घाटाखाली पण खाऱ्या हवेपासून लांब, थोडी वेगळी गोष्ट आहे. तुमच्याकडे नाही.

फायनल_इयर_सिव्हिल

सर, पूर्ण आदर ठेवून, थोडं पटलं नाही. आमच्या ग्रुपने प्रोजेक्टला हेच घेतलं होतं, ३० टक्के रिप्लेसमेंटला २८ दिवसांचे क्यूब टार्गेटच्या जवळच आले, एम३० ला सुद्धा. मग कोडने एम२५ ला का थांबावं? मला ते फक्त सावधगिरी म्हणून ठेवलेलं वाटतं. जगात बरेच देश २०-३० टक्के सरळ वापरू देतात.

सिव्हिलवाला

प्रश्न चांगला आहे आणि क्यूबचा रिझल्ट खोटा नाही. पण क्यूब फुटल्यावर त्याचे तुकडे बघितलेत का? बघा. साध्या बेसाल्टच्या एम२० मध्ये चीर दगडाला वळसा घालून जाते, दगड अख्खा राहतो आणि त्याच्या भोवतालची सिमेंटची पातळ सीमा सुटते. रिसायकल्ड खडीच्या क्यूबमध्ये ती चीर जुन्या मॉर्टरमधून आरपार गेलेली दिसते, राखाडी रंगाच्या दोन छटा शेजारी शेजारी दिसतात, एक जुनी एक नवी, आणि फूट पडलेली असते जुनीतून किंवा जुन्या मॉर्टर आणि दगडाच्या सांध्यातून.

ह्याचा अर्थ लावा. नवीन मॉर्टर जोवर जुन्यापेक्षा फार ताकदीचा नाही तोवर जुना मॉर्टर काही सर्वात दुबळी कडी नसतो, म्हणून एम१५, एम२० ला खडी बदलल्याचं क्यूबला कळतही नाही. ग्रेड जसजशी वर नेता तसतसा नवीन मॉर्टर पुढे जातो आणि जुना मागे राहतो, मग काँक्रीटची ताकद जुना मॉर्टर ठरवायला लागतो. आणि जुना मॉर्टर कुठल्या इमारतीचा, कुठल्या गवंड्याने किती पाणी घालून केलेला, हे कोणाला माहीत? तुमच्या प्रोजेक्टला तुम्ही लॅबमधलेच फोडलेले जुने क्यूब वापरले असणार, बहुतेक कॉलेजं तेच करतात, म्हणजे मूळ काँक्रीट एकसारखं आणि चांगलं. पाडलेल्या घरातून तसं येत नाही.

आणि क्यूब एवढीच परीक्षा नाही. इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे काँक्रीटचा कडकपणा, बघा. आयएस ४५६ प्रमाणे तो ५००० गुणिले ग्रेडचं वर्गमूळ, म्हणजे एम२५ ला २५,००० न्यूटन प्रति चौ.मिमी. शंभर टक्के रिसायकल्ड खडीला हा मॉड्युलस २० ते ४० टक्क्यांपर्यंत उतरतो, ताकदीपेक्षा कितीतरी जास्त, कारण मॉड्युलस मुख्यतः दगडाच्या कडकपणावर चालतो आणि तुम्ही दगडाच्या जागी थोडा मऊ मॉर्टर आणून बसवलात. ३० टक्के उतरला धरा, १७,५०० उरले. तोच स्लॅब, तोच भार, तीच सळई, पण तात्काळ वाकणं जवळपास १.४ पट. त्यावर क्रीप (कायम भाराखाली हळूहळू वाढणारं वाकणं) वाढतो आणि ड्राइंग श्रिंकेज (सुकताना आकसणं) शंभर टक्क्यांला २० ते ५० टक्क्यांपर्यंत जास्त येतं, म्हणजे जास्त चिरा. क्यूब मात्र पास.

२०-३० टक्क्यांना हे सगळे आकडे अर्थातच सौम्य असतात, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. दुसरे देश वापरू देतात तेही खरं, पण त्यांच्याकडे मलबा प्लांटमध्ये जातो, प्रतवारी होते, पाणी शोषण आणि क्लोराइड बॅचप्रमाणे तपासले जातात. आपल्याकडेही दिल्लीत बुराडीला २००९ पासून असा प्लांट आहे. गावात ब्रेकर आणि भाड्याचा क्रशर आणून हे होत नाही.

फायनल_इयर_सिव्हिल

लॅबचे जुने क्यूबच होते, हो. चीर कुठून गेली ते फोटो आहेत, झूम करून बघतो. धन्यवाद सर.

खाडीकाठ

सिव्हिलवाला साहेब, फार उपयोगी लिहिलंत. म्हणजे स्लॅब, फुटिंगला नवीन काळी खडी, हे नक्की. मग मलब्याचं काय? आणि एक, आमच्या त्या खोल्यांना तेव्हा खाडीची वाळू वापरलेली, वडील सांगायचे होडीने यायची. फोडलेल्या तुकड्यात शिंपल्याचे बारीक तुकडे स्पष्ट दिसतात, एका बाजूला पांढरी भुकटी पण आलेली आहे. त्याने फरक पडतो का?

सिव्हिलवाला

पडतो, आणि तुमच्या केसमध्ये हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. ताकदीपेक्षा.

खाडीची न धुतलेली वाळू म्हणजे पहिल्या दिवसापासून मीठ आत. वर पस्तीस-चाळीस वर्षं खारा वारा, म्हणजे बाहेरून आलेलं मीठ वेगळं. तुमच्या सळया फुगल्या त्या ह्याच मिठाने. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की अल्कलाइन काँक्रीटने सळईवर धरलेला संरक्षक थर मोडतो, गंज धरतो, गंजाचं आकारमान लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, ते आतून ढकलतं आणि कव्हर उडतं. आता तेच काँक्रीट फोडून नवीन आरसीसीत घातलंत तर मीठ त्याच्याबरोबर नवीन सळईशेजारी जाऊन बसणार.

हिशोब करून दाखवतो. आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीत एकूण क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या वर नको. घनमीटरला मोठी खडी ११०० किलो धरा, २० टक्के म्हणजे २२० किलो रिसायकल्ड. त्या खडीत वजनाच्या ०.१ टक्का क्लोराइड आहे असं समजा, तर ०.२२ किलो झालं, मर्यादेतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकट्या खडीने खाल्ला, सिमेंट-पाणी-वाळू-अ‍ॅडमिक्श्चर अजून बाकी. ०.३ टक्का असेल तर ०.६६, मर्यादा तिथेच ओलांडली. किनाऱ्यावरच्या जुन्या काँक्रीटमध्ये असे आकडे येणं काही जगावेगळं नाही.

पण ज्या काँक्रीटमध्ये लोखंडच नाही तिथे तीच मर्यादा ३.० किलो आहे, पाचपट. म्हणून सळई नसलेल्या कामात तुमचा मलबा बिनधास्त नाही पण समजून उमजून वापरता येतो.

तपासायचं असेल तर ताज्या फोडलेल्या तुकड्यावर सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण मारतात, क्लोराइड असेल तिथे पांढरट साका दिसतो. ढोबळ अंदाज येतो. नक्की आकड्यासाठी पावडर करून लॅबला द्यायची, जिल्ह्याच्या ठिकाणी मटेरियल टेस्टिंगच्या लॅब आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं पण करून देतात. फिनॉल्फ्थॅलिन मारलंत तर जिथे गुलाबी होत नाही तिथे काँक्रीट कार्बोनेट झालंय हे कळतं, पण त्याने मीठ कळत नाही, दोन्हीत गल्लत करू नका. पांढरी भुकटी मीठच असेल असं नाही, चुना पण पाझरून तसा दिसतो.

तिवरांची_राखण

सगळ्यांना हात जोडून एक सांगते. धागाकर्त्याने लिहिलंय की पहिला काँट्रॅक्टर "कुठे ते विचारू नका" म्हणतो. कुठे ते आम्हाला माहीत आहे, रात्री डंपर खाडीच्या कडेला रिकामा होतो, तिवरांत. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं आणि त्यानंतर किती घरांचा मलबा असाच गेला, चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरानंतर पण तेच. काँक्रीटचे तुकडे पडले की भरतीचं पाणी आत जायचा मार्ग अडतो, मुळांना चिखल मिळत नाही, दोन-तीन वर्षांत झाडं वाळतात, खेकडे-निवट्या जातात आणि मग तीच जागा कोणीतरी सपाट करून घेतो. सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) बांधकामाचा राडारोडा टाकून भराव करायला सरळ बंदी आहे. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नियम २०१६ पासून आहेत, मलबा वेगळा करून ठेवायची जबाबदारी ज्याने निर्माण केला त्याची, म्हणजे घरमालकाची. काँट्रॅक्टरला लेखी विचारा कुठे टाकणार. आणि वापरता येत असेल तर जरूर वापरा, मी मनापासून सांगते.

खाडीकाठ

ताई, पहिल्या काँट्रॅक्टरला नाही म्हणून कळवलंय. खाडी आमच्या दारात आहे, तिच्यात टाकायचा प्रश्नच येत नाही.

गवंडी_दादा

मी दापोली भागात कामं करतो. ह्या खडीने एका ठिकाणी कंपाउंडच्या आतला रस्ता केलेला. त्रास एकच, पाणी. मिक्सरमध्ये माल एकदम झकास दिसतो, घमेल्यात भरेपर्यंत घट्ट, टाकायच्या जागी पोचला की पसरतच नाही. मग पोरं पाइप धरतात. तिथे सगळं जातं.

सिव्हिलवाला

दादांनी शंभर टक्के बरोबर ओळखलं. कोरडी खडी मिक्सरमधलं पाणी पिते म्हणून माल घट्ट होतो, वरून पाइपने पाणी घातलं की पाणी-सिमेंट वाढतं आणि ताकद जाते, आणि नाव मात्र खडीचं खराब होतं.

एका गोणीच्या मालाचा हिशोब देतो, दादांच्या कामाला येईल. ५० किलोच्या गोणीला मोठी खडी साधारण १७० किलो. पाव हिस्सा रिसायकल्ड म्हणजे ४३ किलोच्या आसपास, ती ५ टक्के पाणी पिते असं धरलं तर दोनेक लिटर. गोणीला एकूण पाणी २५ लिटर असताना दोन लिटर सांभाळता येतात. पण सगळीच खडी रिसायकल्ड घातली तर साडेआठ लिटर, म्हणजे तिसरा हिस्सा पाणी खडीच पिऊन टाकणार, म्हणून पोरं पाइप धरणारच.

उपाय सोपा, खडी आदल्या दिवशी भिजवा. आतून भिजलेली आणि वरून कोरडी, अशी वापरायची, वरून पाण्याने चकाकत असेल तर ते पाणी पण मिक्समध्ये जातं. आपल्याकडे पावसात उघड्यावर ढीग पडलेला असेल तर उलटाच प्रकार, खडी पाणी पिण्याऐवजी देते, मग पाणी कमी करायचं. म्हणून ताडपत्री टाका आणि ढीग चढावर करा. खाडीचं किंवा खारं झालेलं विहिरीचं पाणी भिजवायला अजिबात नको, नाहीतर नसलेलं मीठ घालाल.

मिक्सिंगचा क्रम पण बदलून बघा. आधी खडी आणि वाळू फिरवायची, मग निम्मं पाणी, मग सिमेंट, शेवटी उरलेलं पाणी. २००५ मध्ये व्हिव्हियन टॅम आणि सहकाऱ्यांनी हाँगकाँगच्या कामावरून ही दोन टप्प्यांची पद्धत मांडली. सुरुवातीला कमी पाण्यातली घट्ट सिमेंटची खळ खडीच्या जुन्या मॉर्टरवर बसते, त्याच्या चिरांत आणि छिद्रांत शिरते, आणि जुन्या-नव्याचा सांधा घट्ट होतो. एक पैसा जास्त लागत नाही, मिक्सरवाल्याला दोन मिनिटं जास्त फिरवायला लावायचं बस. स्लॅग सिमेंट वापरलंत तर झिरपणं कमी होतं आणि क्लोराइडला पण ते चांगलं बांधून ठेवतं, फक्त क्युअरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) किमान १० दिवस.

गवंडी_दादा

भिजवून करून बघणार पुढच्या कामाला. क्रम तर आम्ही उलटाच घेतो, पाणी आधी मग सगळं एकत्र.

देवगडी

फोडताना चिरे पण मिसळतात त्याचं काय? आमच्याकडे स्लॅबच्या खोल्यांच्या भिंती पण जांभ्याच्याच असतात. क्रशरवाला सगळं एकत्र टाकतो.

जॉ_क्रशर

एकत्र टाकलं की लाल-काळी मिक्स खडी निघते, धूळ पण जास्त. आम्ही ती फक्त रस्त्याच्या भरावाला देतो.

सिव्हिलवाला

क्रशरवाल्यांचं योग्य आहे. जांभा फोडून काँक्रीटमध्ये घालू नका. जांभ्याच्या चिऱ्याला आयएस ३६२० ची अपेक्षाच ३.५ न्यूटन प्रति चौ.मिमी एवढी आहे आणि पाणी शोषण १२ टक्क्यांपर्यंत चालतं. भिंतीचा दगड म्हणून तो उत्तम, शेकडो वर्षं उभा राहतो, पण एम२० च्या पोटात खडी म्हणून गेला तर तोच पहिला चुरडणार. विटा, कौलं, चिरे, गिलावा असं मिसळलेलं असेल तर आयएस ३८३ त्याला रिसायकल्ड काँक्रीट अ‍ॅग्रिगेट म्हणतच नाही, तो वेगळा वर्ग, आणि तो फक्त एम१५ खालच्या लीन काँक्रीटलाच चालतो. पीओपी, जिप्सम तर दूरच ठेवा, त्यातलं सल्फेट सिमेंटशी भांडतं आणि काँक्रीट फुगवतं.

म्हणून पाडतानाच क्रम लावा. आधी दारं-खिडक्या, कौलं, मग गिलावा खरवडता येईल तेवढा, मग चिरे हाताने सुटे करून बाजूला रचा (त्यांना तर मागणी आहे, गडग्याला लोक घेऊन जातात), आणि शेवटी स्लॅब-बीम-कॉलम ब्रेकरने. सळई कापून वेगळी. ह्या क्रमाने केलं तर जे उरतं ते खरोखर काँक्रीट असतं. क्रशरमधून आल्यावर ४.७५ मिमीच्या जाळीखालची पावडर वाळू म्हणून काँक्रीटमध्ये वापरू नका, सगळ्यात जास्त मॉर्टर आणि मीठ तिच्यातच. ती जोत्यातल्या भरणीला जाऊ द्या.

खडी वापरायच्या आधी इम्पॅक्ट टेस्ट करून घ्या, ठोकल्यावर खडीचा किती टक्के चुरा होतो ते त्यात कळतं. चांगल्या बेसाल्टची इम्पॅक्ट व्हॅल्यू १०-१५ येते, ह्या खडीची २० ते ३० मध्ये येणं अपेक्षित. ज्या पृष्ठभागावर घासणं होतं, रस्ता वगैरे, तिथे ३० च्या वर नको, बाकी काँक्रीटला ४५ पर्यंत चालते.

खाडीकाठ

आता चित्र दिसायला लागलं. मग माझी यादी अशी, चुकत असेल तर सांगा. फुटिंगच्या खालचा पीसीसीचा (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटचा) थर सगळ्या रिसायकल्ड खडीचा, अंगण आणि मागची गाडी लावायची जागा पाव हिस्सा रिसायकल्ड घालून एम२०, बाकी मोठे तुकडे सोलिंगला (कोब्याखाली दाबून बसवायच्या दगडांच्या थराला). अंगणात वेल्डमेश टाकायची का? काँट्रॅक्टर म्हणतो मेश टाका, चिरा पडणार नाहीत.

सिव्हिलवाला

पीसीसी बरोबर, १:४:८ किंवा १:३:६ चा थर लीनमध्ये मोडतो, तिथे शंभर टक्के चालते. फक्त त्या थरावर फुटिंगची सळई थेट ठेवू नका, खाली पूर्ण कव्हरचे ब्लॉक द्या, कारण त्या थरात मीठ असणार. त्याच्यावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरला तर अजून उत्तम.

अंगणाला एम२०, पाणी-सिमेंट ०.५० च्या आत, सिमेंट किमान २५० किलो, सिव्हिअर एक्स्पोजरला साध्या काँक्रीटची अट हीच आहे. टार्गेट २६.६ न्यूटन प्रति चौ.मिमी धरा, म्हणजे १५० मिमीचा क्यूब ६०० किलोन्यूटनच्या जवळ फुटला पाहिजे. काँट्रॅक्टरला क्यूब भरायला लावा, ७ आणि २८ दिवसांचे, कितीही छोटं काम असलं तरी.

मेश नको. मेश टाकली की ते लोखंड असलेलं काँक्रीट झालं, क्लोराइडची मर्यादा ३.० वरून परत ०.६ वर आली आणि तुम्ही फिरून तिथेच. शिवाय कोब्यात मेश बहुतेक वेळा तळाला मातीवरच पडलेली असते, तिचा चिरांना उपयोग शून्य. ही खडी जास्त आकसते त्याला उत्तर सांधे. १०० मिमी जाडीला आठ-दहा फुटांवर सांधे कापा किंवा पट्ट्या टाकून चौकोन एकाआड एक भरा, दुसऱ्या दिवशी कटर मारायला उशीर करू नका. गाडीच्या जागेला जाडी १५० मिमी घ्या, खाली सोलिंग नीट दाबून. आणि उतार अंगणाबाहेर, आपल्या पावसाला तो नसेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

मालवणी_माणूस

माका एक सांगा, आमच्या वाडीत पाखाडीचा काम ग्रामपंचायत काढतली. त्या टाकीचो मलबो थंय चालात काय?

सिव्हिलवाला

पाखाडीच्या पायऱ्या चिऱ्याच्याच ठेवा, पण खालच्या भरावाला आणि सोलिंगला नक्की चालेल. रस्त्याच्या खालच्या थरांना हा मलबा वापरायचं मार्गदर्शन इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १२१:२०१७ मध्ये आहे, ग्रामपंचायतीच्या इंजिनिअरला तेवढा नंबर सांगा म्हणजे तो एस्टिमेटमध्ये धरू शकेल. टाकीचं काँक्रीट सहसा घराच्या स्लॅबपेक्षा चांगल्या ग्रेडचं असतं, आणि गोड्या पाण्याची असेल तर आतल्या बाजूने मीठ कमी. पण टाकी समुद्रापासून किती लांब आहे?

मालवणी_माणूस

डोंगरार आसा, वाऱ्यान फेस येयत नाय थंयसर. इंजिनिअराक नंबर सांगतंय.

देवगडी

वाचनखूण साठवली. आमचा जुना छज्जा काढायचाय दिवाळीनंतर, पाडायचा क्रम तसाच ठेवणार. चिरे कोणाला हवे असतील तर व्यक्तिगत निरोप करा.

खाडीकाठ

क्लोराइडसाठी तीन ठिकाणचे तुकडे काढून पिशव्यांवर नावं घातली, पोर्चचा बीम, मागच्या खोलीचा स्लॅब आणि जमिनीखालचं फुटिंग. सोमवारी रत्नागिरीला लॅबमध्ये देतो. रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकतो, त्यावरून अंगणात पाव हिस्सा ठेवायचा की अजून कमी ते सांगा.

सिव्हिलवाला

पोर्चच्या बीमचे दोन नमुने द्या, एक पृष्ठभागापासून इंचभर आतपर्यंतचा आणि एक खोलचा. दोन्हीत क्लोराइड सारखंच आलं तर मीठ वाळूतून आलेलं आहे आणि सगळ्याच मलब्यात असणार, बाहेर जास्त आणि आत कमी आलं तर वाऱ्याने आणलेलं आहे, मग जमिनीखालच्या फुटिंगचं काँक्रीट वेगळं फोडून त्याचा ढीग वेगळा ठेवता येईल. फक्त ते फुटिंग भरतीच्या पाण्याने भिजत नसेल हे आधी बघून घ्या.